हरेल तिचा चहा

ताई, तुझं भात घरात आलं. कापलं, झोडलं, वारवलं आणि पोती तुझ्या माजघरात भिंतीपासून हातभर लांब रचली. भिंतीला लागली की ओल धरतात, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून तू मला दरवर्षी सांगत आलीस, आणि सिमेंटच्या भिंतीला कसली आलीय ओल, असं मी दरवर्षी म्हणत आले. यंदा सांगणारं कुणी नव्हतं. तर मीच तुझ्या महेशच्या अंगावर खेकसले, भिंतीपासून लांब ठेव म्हणून. तो आधी माझ्याकडे बघत राहिला आणि मग मुकाट्याने त्याने पोती सरकवली.

माणसाने जायचं तर निदान वेळ बघून जावं. तू गेलीस ती नेमकी भात पिवळं पडत असताना. घरात सुतक आणि शेतात लोंब्या माना टाकून उभ्या. भेटायला आलेली माणसं ओट्यावर बसून डोळे पुसायची आणि मग मागच्या दारी जाऊन म्हणायची, भात झडेल हो आता. अर्धा गाव तुझ्यासाठी हळहळत होता, अर्धा भातासाठी. तुला विचारलं असतं तर तूही त्या दुसऱ्या अर्ध्यात जाऊन बसली असतीस.

कुणी विचारलं की तुमच्या जाऊबाई कशा होत्या, तर मी म्हणते, भांडकुदळ होती. समोरच्याला वाटतं, दुःखाने हिचं डोकं फिरलंय. मी कौतुकाने बोलतेय हे कळायला आपल्या पोशीर गावात आपल्या शेजारी राहावं लागतं.

सासऱ्यांचं नदीकाठचं एकच शेत. वाटणी झाली तेव्हा मधे बांध पडला, वरची खाचरं तुझी आणि खालची माझी. वाटणीनंतर भाऊ-भाऊ बरेच दिवस एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्यांचं न बोलणं भरून काढायची जबाबदारी आपल्या दोघी जावांवर पडली. ती आपण इमानाने पार पाडली. पुढे तुझे मालक गेले. माझे हे नोकरीतून निवृत्त होऊन घरी बसले. बांध तिथेच राहिला आणि भांडणही.

पहिलं मोठं भांडण खेकड्याचं, आठवतं? रोपांची आवणी झाल्या झाल्या तुझ्या खाचरातलं पाणी आटायला लागलं आणि माझी रोपं गळ्यापर्यंत बुडाली. बांधाला खेकड्याने भोक पाडलं होतं. तू म्हणालीस, तुझ्या खेकड्याने माझं पाणी चोरलं. मी म्हटलं, तुझ्या खेकड्याने माझं आवण बुडवलं. शेवटी दोघींनी मिळून बांध उकरला, तर मधोमध एक काळा मुठा, नांग्या वर करून बसलेला. मी टोपली उचलली, तर तू हात आडवा धरलास.

"थांब गं शैले. ज्या बाजूला पळंल, त्या बाजूचा."

डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी घेऊन आपण दोघी भर पावसात त्या खेकड्यासमोर उभ्या राहिलो. त्याने बराच विचार केला. मग तिरका तिरका निघाला तो थेट तुझ्या खाचरात. तू इतकी हसलीस की चिखलात बसलीस. मग उठलीस, घरी जाऊन चहा टाकलास आणि ओट्यावरून मला हाक मारलीस. तेव्हापासून ते ठरूनच गेलं. हरेल तिने चहा करायचा आणि हाक मारायची, जिंकेल तिने बांध ओलांडून जाऊन प्यायचा. मुठ्याचं कालवण झालं. त्याचं मत कुणी विचारलं नाही.

तुझा चहा म्हणजे पाक. माझा तुला पांचट लागायचा. त्यावरूनही भांडण व्हायचं, पण त्या भांडणाचा चहा कुणी करायचा हे आपल्याला कधी ठरवता आलं नाही.

उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर राब भाजायची वेळ आली की पहिला चहा ठरलेला. तुझं सगळं रीतीने. खाली शेण, त्यावर ऐनाचा पाला, त्यावर पेंढा, वरून माती भुरभुरायची आणि वारा जिकडे जातो त्या टोकाकडून पेटवायचं, म्हणजे आग सावकाश जळत येते आणि जमीन चांगली भाजते. मी अंगणवाडीत शिकवणारी, तेव्हा मला मत असायलाच हवं. मी म्हटलं, एवढी झाडं छाटायची, एवढा धूर करायचा, त्यापेक्षा पिशवीतलं खत मारलं की झालं. एका वर्षी मी खरंच राब भाजला नाही. माझं रोप छान आलं, पण गवत त्याहून छान आलं. मी गवतात रोप शोधत फिरत होते आणि तू बांधावर बसून मला विचारत होतीस, काय हरवलं का गं तुझं. तो चहा मी सगळी आवणी संपेपर्यंत करत होते.

पण त्यानंतरच्या वर्षी तुझ्या राबाचा वारा फिरला. सगळा धूर पलीकडच्या बंगल्यात शिरला, तिथे शनिवार-रविवारची माणसं डोळे मिटून योगासनं करत बसली होती. त्यांनी डोळे उघडले आणि बंब बोलावला. बंब आपल्या गल्लीच्या वळणावर अडकला, तो ढकलायला आपण सगळे गेलो, आणि तोवर राब आपला आपण शांतपणे जळून विझला. तू बंबवाल्यांना कोकम सरबत दिलंस आणि वर त्यांनाच सांगितलंस की आता आलाच हाय तर खाचरात जरा पाणी मारा. त्या दिवशी कोण हरलं, हे आजवर ठरलं नाही. मला वाटतं, बंगलेवाले.

आपलं सगळ्यात जुनं भांडण मात्र बुजगावण्याचं.

भातात दूध भरायला लागलं की पोपट, चिमण्या, कावळे सगळे हजर. बाकीचा गाव काठीला काळी पिशवी नाहीतर चकाकणारी पट्टी बांधून मोकळा होतो. तुझं बुजगावणं म्हणजे बाई. दोन बांबू, पेंढ्याचं अंग, त्यावर तुझा जुना गाऊन आणि गाऊनवर टॉवेल, अगदी आपण दोघी शेतावर जातो तशी. तिला तोंड नाही. तोंड काढलं की पाखरं ओळखतात, असं तुझं म्हणणं, म्हणून ती कायम पाठमोरी, टॉवेल डोक्यावरून घेतलेली. रोज सकाळी तू तिची जागा बदलायचीस. मग तूही तसाच गाऊन, तसाच टॉवेल घेऊन तिच्यापासून जरा अंतरावर पाठमोरी उभी राहायचीस, अजिबात न हलता. थवा उतरायला लागला की दोन बायांपैकी एक गर्रकन फिरायची, दोन्ही हात वर करायची आणि ओरडायची, "हाऽऽ मेल्या, तुज्या बापाचं हाय?"

ती आरोळी नदीपलीकडे जायची. पाखरं तर उडायचीच, पण रस्त्याने चाललेली माणसंही दचकून आपली पिशवी चाचपायची.

त्यात आपले गाऊन एकाच छापाचे. नेरळला सेलमध्ये दोघींनी मिळून घेतले होते, जांभळ्यावर पिवळी फुलं. तुझा जुना झाला तो तिला गेला. त्यामुळे शेतात तू, मी आणि ती, तिघी सारख्याच. गावात विचारायचे, ती तिसरी तुमच्यापैकी कोण. मी सांगायचे, ताई. तू सांगायचीस, शैला, कामाच्या टायमाला नुसती उभी असते.

बंगलेवाले येता-जाता तिला हात करायचे. एकदा एक पार्सलवाला बांधावर येऊन तिच्याकडे ओटीपी मागत उभा राहिला. मॅडम, ओटीपी, मॅडम, ओटीपी. तू शेजारीच उभी होतीस, पण पोपटांचा थवा अगदी खाली आला होता म्हणून बोलली नाहीस. थवा टेकला, तू फिरलीस, ओरडलीस, आणि तो पार्सल तिथेच टाकून जो पळाला तो पुन्हा आपल्या गावात आला नाही. पार्सलमध्ये महेशचे बूट होते. ओटीपीशिवाय मिळाले.

माझं म्हणणं पहिल्यापासून साधं होतं. पाखरं भितात ती तुझ्या तोंडाला, त्या बाईला नाही. तू म्हणायचीस, माजं तोंड दुखतं तेवा तीच राखते. तू कर्जतच्या बाजाराला गेलीस की मी मुद्दाम बघायला यायचे. एकदा मी तिच्या डोक्यावर कावळा बसलेला पाहिला आणि तू आल्यावर सांगितलं. तू म्हणालीस, तो माझा कावळा नाय, तुझ्या बाजूचा असंल. तो चहा कधीच कुणी केला नाही.

त्या शेवटच्या दिवशीही तेच. सकाळी मी अंगणवाडीत निघाले तर तुझी बाई बांधावरून कलून एक हात माझ्या खाचरात टाकून उभी. मी म्हटलं, हिला सरळ कर, माझ्या लोंब्या मोडतात. तू म्हणालीस, लोंब्या आधीच मोडलेल्या आहेत, तुझ्या खताच्या ओझ्याने. शब्दाने शब्द वाढला. शेवटी मी म्हटलं, "ताई, तुज्या या बाईला कावळा पण भीत नाय."

तू खांद्यावरचा टॉवेल झटकलास. "वेळ आली की बघशील गं."

कोण चुकलं ते मी सांगत बसत नाही, कारण चूक तुझीच होती. पण दुपारी चहाच्या वेळेला मी ओट्यावर बसून तुझ्या हाकेची वाट बघत राहिले. मी जिंकले होते, तेव्हा चहा तुझा होता. तू तुझ्या घरात माझ्या हाकेची वाट बघत असणार, कारण तुझ्या हिशेबाने तू जिंकली होतीस. दोन्ही घरांत गॅस बंद. मग हाक आली ती महेशची.

डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल, झोपेतच गेल्या. सगळ्यांना त्याचं समाधान वाटलं. मला नाही वाटलं. मला एवढंच हवं होतं की तू रागात गेली नाहीस असं कुणीतरी मला सांगावं, आणि ते कुठल्याही डॉक्टरला तपासून सांगता येत नाही. आपण आयुष्यभर भांडलो, पण भांडण उद्यावर टाकून एकमेकींना हाक न मारता आपण कधी दिवस मावळू दिला नव्हता. नऊ दिवस मला घास गोड लागला नाही. बायका म्हणायच्या, जाऊ असून केवढी माया.

दहाव्याला नेहमीच्या घाटावर चिखल होता. कुठे बसायचं, असं महेशने विचारलं, तर मीच म्हटलं, आपल्या शेताखाली नदीत सपाट खडक आहे, तिथे करू, तिलाही बरं वाटेल. सगळ्यांना पटलं. म्हातारी माणसं माना डोलावून म्हणाली, शैलाने चांगलं सुचवलं. एवढ्या शेतकऱ्यांत एकालाही काही सुचलं नाही.

तुझा कुंभिवलीचा भाऊ उशिरा आला. त्याचं हायवेवरचं टायरचं दुकान कधी वेळेवर बंद झालंय? तो वरून बांधावरून उतरत आला, तर समोर जांभळा गाऊन, डोक्यावरून टॉवेल, पाठमोरी बाई. त्याला वाटलं, मीच एकटी बाजूला जाऊन रडतेय. मी साडी नेसून खाली खडकावर होते, तिथून मला सगळं दिसत होतं. तो तिच्यामागे उभा राहून बराच वेळ काहीतरी समजावत होता. मग त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि खांदा त्याच्या हातात आला. त्याने इकडे-तिकडे बघितलं, घाईघाईने पेंढा परत कोंबला, कललेली बाई उपटून नदीच्या बाजूला चांगली घट्ट रोवली आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने खाली आला. मी ओठ दाबून बसले. दहा दिवसांत पहिल्यांदा हसू आलं होतं आणि ते सांगायला तूच नव्हतीस.

पिंड ठेवले. शेजारी पानावर तुझं आवडतं वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. नदीपलीकडच्या झाडावर कावळे भरपूर. आम्ही मागे सरलो. एक कावळा उडाला, निम्म्या नदीपर्यंत आला आणि परत फिरला. मग दुसरा आला, तोही फिरला.

मग महेश हात जोडून म्हणाला, आई, मी शेत इकनार नाय. कावळा हलला नाही. तुझ्या भावाने कबूल केलं की दर भाऊबीजेला येईन, दुकान असलं तरी येईन. ते तर कावळ्यांनाही खरं वाटलं नसावं. आमचे हे पुढे झाले आणि म्हणाले, वैनी, बांध बोटभर पण सरकनार नाय. एक कावळा निघाला, सगळ्यांनी श्वास रोखला, आणि तो वळून पुन्हा झाडावर जाऊन बसला. गुरुजींना पुढे कोंडाणे गावात दुसरं काम होतं. ते घड्याळ बघून म्हणाले, नसेल येत तर दर्भाचा कावळा करून लावू.

तेव्हा बायका माझ्याकडे बघायला लागल्या. नजरा म्हणत होत्या, जावाजावांचं काहीतरी राहिलंय. मला माहीतच होतं काय राहिलंय. मी डोळे मिटून मनातल्या मनात आठवतील तेवढी भांडणं कबूल केली, खेकड्याचं, राबाचं, बंबाचं, साखरेचं. तुझ्या खेकड्याचं तर तू हरली होतीस, तेही माझ्या अंगावर घेतलं. डोळे उघडले तर एक कावळा अगदी जवळ आलेला. त्याने माझ्या डोक्यावरून मागे कुठेतरी बघितलं आणि जीव घेऊन पळाला.

हा बघतो तरी कुणाकडे, म्हणून मी मागे वळले.

तू उभी होतीस. म्हणजे ती. बरोबर आमच्या डोक्यावर, बांधावर, गाऊनमध्ये वारा भरलेला, एक खांदा तुझ्या भावाने खाली आणलेला. दहा दिवस तिची जागा कुणी बदलली नव्हती, ती नेमकी त्याने बदलून तिला आमच्या राखणीला आणून उभी केली होती.

मला हसू फुटलं. भर दहाव्याला, गुरुजींच्या समोर, मोठ्याने. ह्यांनी कोपर मारलं तरी थांबेना. मी नुसता वर हात केला. एकेक करून सगळ्यांनी माना वळवल्या, आणि मग तुझा भाऊ गालात हसला, मग बायका, मग गुरुजींनीही उपरणं तोंडाला लावलं. महेश हसता हसता रडायला लागला. "आईच आडवतेय गं त्यांना," तो म्हणाला आणि बाई उपटायला निघाला.

मी म्हटलं, थांब, मी जाते.

चढून वर गेले. तिला तोंड नाही, तरी जिथे असायला हवं होतं त्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि खालच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "ताई, चालतं गं तुजं बुजगावणं. कावळा भितो. मी हरले."

मग तिचा टॉवेल काढला, गाऊन काढला, घडी घातली. मागे दोन बांबू आणि पेंढा राहिला. मी निम्मी उतरले नव्हते तोच खाली गलका झाला. एक कावळा पिंडाला शिवला होता आणि दुसरा बिरड्यावर बसला होता. गुरुजी म्हणाले, इच्छा पूर्ण झाली. तुझा भाऊ म्हणाला, गाऊन काढला म्हणून आला. ज्याला जे पटेल ते त्याने घ्यावं. मी घरी येऊन तुझ्या गॅसवर मोठं पातेलं चढवलं आणि सगळ्यांना चहा केला, तुझ्या मापाने साखर टाकून. दोन-तीन जणांनी तोंडं वाकडी केली. मी म्हटलं, मुकाट प्या, हरल्याचा चहा आहे. त्या दिवशी मला जेवण गेलं. तू रागात नव्हतीस. तू फक्त जिंकायला थांबली होतीस.

सुतक फिटल्यावर भात कापलं. थोडं झडलं, पण फार नाही. ओल सुकायच्या आत दोन्ही शेतांत वाल टाकले, मी आणि महेशने मिळून. त्याला बोटांच्या पेराएवढं खोल टाकायचं असतं हे सांगावं लागलं आणि सांगताना माझा आवाज अगदी तुझ्यासारखा लागला. वाल वर आले, दोन-दोन पानं धरली, आणि कावळे कोंब उपटायला हजर झाले.

मी उभ्या आयुष्यात माझ्या शेतात बुजगावणं लावलं नाही, हे तुला माहीत आहे. पण सगळ्या गावासमोर हरलेल्या बाईने शब्द पाळायला हवा. मी तुझा गाऊन धुऊन वाळवला, नव्या पेंढ्याचं अंग केलं आणि ती आपल्या बांधावर उभी केली, पाठमोरी, टॉवेल डोक्यावरून. रोज सकाळी जागा बदलायला लागले. हे म्हणाले, जन्मभर नावं ठेवलीस आणि आता हे काय. मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं.

परवा रविवारी मी माझा जांभळा गाऊन घालून शेतावर गेले, तर तिच्या डोक्यावर कावळा.

नुसता बसला नव्हता, ऐसपैस बसला होता. त्याने तुझ्या टॉवेलला चोच पुसली, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मग दुसरा आला तो खांद्यावर बसला. मग दोघं खाली उतरले आणि तिच्या सावलीत, अगदी तिच्या गाऊनच्या काठाशी, आरामात एकेक कोंब उपटायला लागले. म्हणजे मी म्हणत होते तेच खरं होतं, ताई. इतकी वर्षं मीच बरोबर होते. ते त्या बाईला कधी भीत नव्हते, तुला भीत होते. दहाव्यापर्यंत त्यांची खात्री पटली नव्हती, आता पटलीय. तू नाहीस हे कावळ्यांनाही कळलं.

मला मात्र त्या क्षणी ते कळलं नाही. मी आनंदाने वळले आणि तुझ्या ओट्याकडे बघून ओरडले, "ताई, बघ गं, बसला कावळा!"

ओट्यावर कुणी नव्हतं. तुझी खुर्ची होती आणि तिच्यावर महेशचा शर्ट वाळत घातलेला होता.

मी तिथेच बांधावर बसले. जिंकलं की सांगायला माणूस लागतं, नाहीतर जिंकून काय करायचं? तू गेल्यापासून मी रडले होते ती चारचौघांत, रीतीप्रमाणे. परवा एकटी रडले. आणि मी रडत होते तेवढ्या वेळात त्या दोघांनी वालाची एक ओळ संपवली. ते बघितल्यावर माझं डोकं फिरलं. मी उठले, दोन्ही हात वर केले आणि तोंडातून काय निघालं माहीत आहे? "हाऽऽ मेल्या, तुज्या बापाचं हाय?"

कावळे नदीपार गेले. तुझं दार धाडकन उघडलं आणि महेश अनवाणी ओट्यावर धावत आला, निम्म्या गालावर दाढीचा साबण.

"आई?"

मग तो थांबला. बांधावर दोन जांभळ्या बाया उभ्या होत्या. तो एकीकडे बघत होता, मग दुसरीकडे. मी टॉवेलने तोंड पुसलं. तो हळूहळू पायऱ्या उतरून बांधापाशी आला, उपटलेले कोंब बघितले, बाईकडे बघितलं.

"काकी, कावळा बसला व्हता काय गं?"

"डोक्यावर बसला व्हता."

त्याने गालावरचा साबण बाहीला पुसला.

"म्हंजे आई हरली," तो म्हणाला. "मंग चहा आमच्याकडं."

आणि चहा टाकायला घरात गेला. जरा वेळाने ओट्यावरून हाक आली आणि मी बांध ओलांडला.

चहा म्हणजे पाक होता. मी तसं तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, या घरात असाच असतो. सगळा प्यायले, पेला विसळून ठेवला आणि निघताना त्याला बजावलं, उद्यापासून सकाळी बाईची जागा तू बदलायची, आणि कामाला जायच्या आधी घडीभर तिच्याशेजारी उभं राहायचं. तो म्हणाला, काय उपयोग, तिच्यावर तर कावळा बसतो. मी म्हटलं, बसतो, कारण ती एकटी असते.

त्याला ते पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, तिला तोंड काढलं तर कावळे भितील. बघू कुणाचा चहा होतो ते.